पांढऱ्या रेघेचा खडा

जर्मनीत मी जवळजवळ तीन महिने होते. त्यांतले पहिले पंच्याऐंशी दिवस कुणीही लिहील: एल्बे नदी, राजवाडे, बटाट्याचे अठरा प्रकार, आणि रविवारी व्हॅक्यूम क्लीनर लावला म्हणून शेजाऱ्यांनी दारात सरकवलेली चिठ्ठी. मी लिहिणार आहे ते शेवटच्या पाच दिवसांबद्दल. त्या दिवसांत माझ्या हातून जे झालं ते कुणाला तरी नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं समजेल. मी सांगलीच्या एका रुग्णालयात मेट्रन होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण हात अजून निवृत्त झालेले नाहीत. कुणाकडे गेले तरी माझी नजर आधी पंख्याच्या पात्यांवर जाते. आमचे हे म्हणतात, "हिला स्वर्गात नेलं तर ही देवाला बाजूला बसवून आधी जळमटं काढेल." मला हे कौतुक वाटायचं. आता तेवढं वाटत नाही.

बुधवार

माझी लेक मुग्धा ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिची मुलगी ईरा नऊ वर्षांची. ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. अगदीच अडलं तर मोडकंतोडकं मराठी. जावई त्या आठवड्यात कामासाठी म्युनिकला गेले होते. नोव्हेंबरातल्या या बुधवारी उरलेला जर्मनी कामावर असतो आणि फक्त ड्रेस्डेनच्या राज्यात सुट्टी असते. सणाचं नाव बुस-उंड-बेटटाग, म्हणजे पश्चात्तापाचा आणि प्रार्थनेचा दिवस. "एवढ्यासाठी सुट्टी?" म्हणून मी हसलेही होते.

त्या सुट्टीत आम्ही निघालो ते खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ रोट यांच्यासाठी. वय पंचाहत्तरीपुढचं, एकट्या राहतात. आठवड्यातून दोन दिवस शाळा सुटल्यावर ईरा त्यांच्याकडेच असते आणि मुग्धाच्या घराची जादा किल्लीही त्यांच्याकडे असते. परक्या देशात असा शेजार म्हणजे अर्धं माहेर. त्या ज्यू आहेत. युद्धाच्या शेवटी त्यांची आई आणि सख्खी मावशी आग्नेस दोघी छावणीत होत्या. तिथून कैद्यांना पायी हाकत नेलं, आणि जो वाटेत पडला त्याला तिथेच गोळी घातली. आग्नेस मावशी पडली. आई पुढे चालत राहिली म्हणून वाचली. वाटेत मेलेल्यांना नंतर एका लहान गावातल्या ज्यू दफनभूमीत एकत्र पुरलं. फ्राऊ रोट दरवर्षी नोव्हेंबरात तिथे जातात. यंदा खुब्याचं ऑपरेशन झालेलं, जाता येईना, म्हणून मुग्धा म्हणाली, "आम्ही जाऊन येतो, फोटो आणतो." त्यांनी बजावलं, फोटो कागदावर छापून आण, कारण त्यांच्याकडे अजून बटणांचाच फोन आहे.

गाडीने तासाभराचा रस्ता. शेतं नांगरून काळी पडलेली, मधेच पाइनची राई, आणि धुकं असं की चर्चचा मनोरा दिसतो पण चर्च दिसत नाही. डब्यातली थालीपिठं आम्ही गाडीतच संपवली, कारण दफनभूमीत खायचं नसतं असं मुग्धाने आधीच सांगून ठेवलं होतं. फाटक कुलूपबंद होतं. समोरच्या घरात राहणारे निवृत्त पोस्टमन हेर क्राम किल्ली सांभाळतात. त्यांनी फाटक उघडलं, आणि वहीत नाव-गाव लिहायला मुग्धाला थांबवून घेतलं. मी शेवंतीची फुलं आणि ईराला घेऊन पुढे गेले.

आत जुने दगड एकमेकांकडे कलून उभे होते. त्यांवरची हिब्रू अक्षरं शेवाळाने भरलेली. अगदी मागे, भिंतीलगत, गवताचा एक लांबट तुकडा दगडी काठाने बांधून घेतला होता. आमच्या वॉर्डात चार खाटा ओळीने लावल्या तर जेवढी जागा होईल तेवढाच. माणसं त्याहून कितीतरी जास्त. डोक्याशी आडवी शिळा होती, तिच्यावर एक आकडा आणि त्याखाली एक शब्द कोरलेला. ईराने वाचून सांगितला: "उनबेकांट. नाव माहीत नाही." मावशीचं नाव माहीत होतं की! माहीत असलेलं नाव त्या आकड्यात घालून टाकलं होतं.

आणि त्या शिळेची अवस्था मला बघवेना. ओली पानं चिकटलेली, आणि त्यांच्यात पंधरा-वीस खडे इकडेतिकडे पडलेले. मला वाटलं, गावातल्या पोरांनी भिंतीवरून फेकले असणार. बिचाऱ्यांचं कुणी नाही तर अशी दशा. आपल्याकडे समाधीवर फूल वाहायचं तर आधी झाडून-पुसून घेतो, मग हळदकुंकू, मग फूल. मी बाह्या वर केल्या. पानं काढली. मूठभर खडे कुंपणाच्या झुडपात भिरकावले.

"आजी, दास दार्फ मान निश्ट!" ईरा ओरडली.

म्हणजे, असं करायचं नसतं. हे वाक्य मी तीन महिन्यांत शंभरदा ऐकलं होतं. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्यात ओलांडायचं नसतं, दुपारी काचेच्या बाटल्या टाकायच्या नसतात, गॅलरीत चादर झटकायची नसते. माझे कान त्या वाक्याला निर्ढावले होते. मी म्हटलं, "हो हो, कळलं. हे धर आणि त्या पानांच्या ढिगावर टाकून ये." आजीचा आवाज मेट्रनचा झाला की ईरा ऐकते. तिने ओंजळ धरली आणि टाकून आली, पण तोंड वेडंवाकडं करून.

मी शालीच्या टोकाने शिळा पुसली. काळा दगड कसा आरशासारखा निघाला. त्यावर शेवंती मांडली, हात जोडले. मुग्धा आली ती घाईघाईत, हेर क्रामना कुठे तरी जायचं होतं. तिने फोटो काढला आणि म्हणाली, "आई, किती छान केलंस गं." परतीच्या रस्त्यात मी फार समाधानात होते.

गुरुवार

दुपारी फ्राऊ रोटनी आम्हाला कॉफीला बोलावलं. टेबलावर आयरशेके होता, इथला तीन थरांचा केक, वर अंड्याचा पिवळा थर, खरवसाची आठवण यावी असा मऊ. त्यांना इंग्रजी येत नाही. पूर्व जर्मनीत त्यांच्या पिढीला शाळेत रशियन होतं. मुग्धा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. मी दुसरा तुकडा घेतला तेवढ्यात त्यांनी एक जुना फोटो पुढे सरकवला.

तीच शिळा. तेच खडे. पण फोटोत ते पडलेले दिसत नव्हते, ठेवलेले दिसत होते. एकेक, शेजारी शेजारी. उजव्या कोपऱ्यात एकटा एक करडा खडा, मधून पांढरी रेघ गेलेला.

मुग्धाचा आवाज सांगता सांगता बारीक होत गेला. ज्यू लोक कबरीवर फुलं नाही, खडा ठेवतात. कुणी तरी येऊन गेलं, कुणाला तरी आठवण आहे, याची ती खूण. फ्राऊ रोटची आई म्हातारपणी एकदा हंगेरीतल्या आपल्या गावी जाऊन आली. घरात दुसरीच माणसं राहत होती, त्यांनी दार उघडलं नाही. मागच्या ओढ्यातून तिने एक खडा उचलून आणला. लहानपणी दोघी बहिणी त्या ओढ्यात पाय सोडून बसायच्या. तो खडा तिने आग्नेसच्या डोक्याशी ठेवला, त्या कोपऱ्यात. आई गेली त्यालाही आता अठरा वर्षं झाली. "दुसरं काहीच मागे राहिलं नाही," फ्राऊ रोट म्हणाल्या, "ना फोटो, ना पत्र. मी तिथे जाते ती तो खडा बघायला."

आपल्याला कुणी दगडाचं काय एवढं म्हणून सांगायला नको. सासरे गेले तेव्हा मडक्याला ज्याने भोक पाडलं तो अश्मा दहा दिवस अंगणातल्या कोनाड्यात ठेवला होता. सहाव्या दिवशी तो जागेवर दिसेना. तासभर सगळं घर वेड्यासारखं शोधत होतं, आणि धाकटे दीर, एवढा बँकेतला माणूस, ओसरीवर बसून रडत होते. खडा साधाच असतो, पण त्या दहा दिवसांत तोच आपला माणूस असतो. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी कुणाचा तरी माणूस झुडपात भिरकावला होता.

"आणि तुमचा फोटो?" फ्राऊ रोटनी हात पुढे केला. "छापला नसेल तर फोनवरच दाखव."

मुग्धाने फोन उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की बॅटरी संपली आहे. मला तिचा फोन दिसत होता. अर्ध्याहून जास्त बॅटरी होती.

शुक्रवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. माझा व्हिसा सोमवारी संपत होता आणि रविवारी संध्याकाळचं विमान होतं. शनिवारी ज्यू दफनभूमी बंद असते, त्यांचा तो विश्रांतीचा वार. शुक्रवारीही लवकर बंद होते, कारण तो वार आदल्या सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणजे आजच्या दोन वाजेपर्यंत.

मुग्धाने अर्धा दिवस रजा टाकली. ईराला शाळेतून परस्पर उचललं. रस्त्यात एका ठिकाणी उमलाइटुंग लागली, म्हणजे काम चालू आहे, वळसा घालून जा. "हे आजच करायचं होतं यांना! शाइसे!" मुग्धा स्टिअरिंगवर हात आपटत होती. मी घड्याळाकडे बघत होते आणि मनात गणपतीची आवर्तनं चालली होती. ज्यूंच्या कामाला गणपती चालतो का, हाही प्रश्न मधेच पडत होता.

पोचलो तेव्हा सव्वा झाला होता. पाऊण तास. मी गुडघ्यांवर बसून झुडपात शिरले. काटे, ओली माती, गोगलगाई. खडे सापडायला लागले. पण कुंपणाखाली खडे असतातच, त्यांतले शिळेवरचे कोणते? जे मातीत रुतले नव्हते आणि एका बाजूने उन्हापावसाने फिकट झाले होते ते मी धरले. असे नऊ निघाले. पांढरी रेघ एकावरही नाही.

"आई, तो ढीग!" मुग्धा भिंतीजवळून ओरडली. "पानांचा ढीग नाहीये!"

हेर क्राम मान हलवत आले. काल सकाळी नगरपालिकेची गाडी पानं घेऊन गेली. कुठे? खतात जातात, सगळ्या गावाची एकत्र. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचा राग आला. खरं तर राग स्वतःचाच होता, पण तो काढायला त्या क्षणी ते बरे होते.

मी ईराला विचारलं, "सोन्या, तू नेलेस त्यांत रेघेवाला होता का गं?" ती रडायलाच लागली. "वाइस निश्ट," ती म्हणत राहिली. माहीत नाही. मी तिला जवळ घेतलं. दोन वाजता हेर क्रामनी फाटक लावलं. नऊ खडे माझ्या हातरुमालात होते.

शनिवार

सकाळपासून आम्ही मायलेकी हळू आवाजात भांडत होतो, ईराने ऐकू नये म्हणून.

"आई, प्लीज. तू उद्या जाणार. मला इथे राहायचंय," मुग्धा म्हणाली. "ईरा फ्राऊ रोटकडे असते. अगं, असं माणूस परत मिळतं का? मी एडिट केलेला फोटो देते तिला. पुढच्या वर्षी ती जाईल तेव्हा म्हणेल, वाऱ्यापावसाने गेला असेल."

"आणि तू रोज जिन्यात तिला गूटन मॉर्गन म्हणणार?"

"म्हणेन! माणसं म्हणतात, आई!"

तिची भीती मला समजत होती. तिने दहा वर्षं खपून तिथे घर उभं केलंय, आणि मी तीन महिन्यांत येऊन त्याची एक वीट काढली होती. "मी येणार नाही सांगायला," ती शेवटी म्हणाली आणि बेडरूमचं दार लावून घेतलं.

मग मी ईराला घेऊन खाली उतरले. एवढ्याशा पोरीला दुभाषी करणं बरं नव्हतं, पण दुसरं कोण होतं? फ्राऊ रोटनी दार उघडलं, आम्हाला सोफ्यावर बसवलं. मी हातरुमाल मांडीवर धरला आणि म्हटलं, "ईरा, मी सांगते तसंच्या तसं सांग. मी ते खडे काढले. मला वाटलं कचरा आहे. मी ते फेकून दिले. मला क्षमा करा."

ईराने खालमानेने जर्मनमध्ये सांगितलं. छोटी छोटी वाक्यं. फ्राऊ रोटचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यांनी ईराला ओढून जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि "आख, किंडशेन, किंडशेन" म्हणत राहिल्या. अगं बाळा, बाळा.

एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, आणि ईरा लाल होऊन माझ्याकडे बघत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जर्मनमधले मला जे आठ-दहा शब्द येत होते त्यांत एक होता ईश, म्हणजे मी. आपल्याकडे लाजताना म्हणतात त्या 'इश्श'सारखा, म्हणून लक्षात राहिलेला. ईराने प्रत्येक वाक्य ईशने सुरू केलं होतं. मी तिला तसंच्या तसं सांगायला सांगितलं होतं. माझं 'मी' तिने इमानदारीत 'मी' म्हणून सांगितलं, आणि फ्राऊ रोटना वाटलं, हे या पोरीनेच केलं.

त्यांनी लेकराला माफ केलं होतं. लेकराला कोण करणार नाही? आणि मी लिहिते आहे तर खरं लिहिते: मी गप्प बसले. उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बंद करायला लागतो तेवढा वेळ असेल, पण बसले. उद्या विमान होतं. मुग्धाचा शेजार वाचला होता. ईराला चार दिवसांत कुणी आठवणही करून दिली नसती.

ईराची हनुवटी थरथरायला लागली.

"नाइन," मी म्हटलं. "नाइन. ईरा निश्ट." आणि छातीवर हात आपटला. "ईश. ईश."

फ्राऊ रोटचा हात ईराच्या केसांवर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "वारूम?" त्यांनी विचारलं. का? हा शब्द ईराच्या तोंडी दिवसातून पन्नासदा असतो. मी त्यांच्या टेबलावर शाल फिरवून दाखवली, पुसल्यासारखी, फुलं मांडल्यासारखी. "साउबर," मी म्हटलं. स्वच्छ. साबणाच्या बाटलीवर असतो तो शब्द. म्हणताना मला स्वतःची किळस आली.

मी हातरुमाल उघडून नऊ खडे पुढे केले. त्यांनी एकेक उलटून पाहिला. शेवटचा पाहून झाल्यावर त्या काठी टेकत उठल्या आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तिथूनच त्या ईराशी काही तरी बोलल्या.

"ती बोलली, उद्या दहा," ईराने मोडक्या मराठीत सांगितलं. "ती पण येते."

काही हरकत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही त्याची वाट पाहिली नाही.

रविवार

तो रविवार तिथे मृतांचा रविवार असतो. गावात शिरताना माणसं चर्चच्या दफनभूमीकडे हिरव्या फांद्यांची चक्रं घेऊन चालली होती, सहकुटुंब, आपल्या सर्वपित्रीसारखी. ज्यूंच्या फाटकाशी फक्त हेर क्राम उभे होते, हातात घडीची खुर्ची घेऊन. येताना गाडीत मुग्धाने बॅटरीची थाप तेवढी कबूल केली, रस्त्यावरची नजर न काढता. फ्राऊ रोटनी ऐकून घेतलं.

त्या खुर्चीत बसल्या, जुना फोटो मांडीवर. मी पुन्हा झुडपात शिरले. मुग्धा भिंतीच्या कडेने, ईरा गवतात. तासभर शोधलं. माझी बॅग गाडीत होती, विमान संध्याकाळी पाचचं. साडेअकराला फ्राऊ रोटनी काठी जमिनीवर आपटली. पुरे.

मग त्यांनी नऊ खडे मला शिळेवर ठेवायला लावले. फोटोत बघायच्या आणि काठीने दाखवायच्या: इथे, नाही, थोडा डावीकडे. माझ्या शेवंतीला त्यांनी हात लावला नाही, ती मीच काढून घेतली. माझे गुडघे चिखलाने भरले होते आणि बोटं गारठून वळत नव्हती. नऊही लागले. उजवा कोपरा तसाच राहिला.

मला ते बघवेना. वाटेच्या कडेला एक गुळगुळीत खडा दिसला, करडा, साधारण त्याच आकाराचा. मी तो उचलला, शालीला पुसला, आणि माझ्याकडून म्हणून त्या कोपऱ्यात ठेवायला वाकले.

काठी आडवी आली.

"नाइन," फ्राऊ रोट म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "बेझेट्स्ट."

हा शब्द मला येत होता. आगगाडीच्या संडासाच्या दारावर लाल अक्षरांत उमटतो. बाकावर कुणी पिशवी ठेवून गेलं आणि आपण बसायला गेलो की शेजारचा म्हणतो. जागा रिकामी नाही. इथे कुणीतरी आहे.

मी खडा दुसऱ्या टोकाला, सगळ्यांच्या मागे ठेवला, आणि त्यांनी काठी खाली घेतली.